मधला डब्बा

सोनखेडी टेकडीवर वसलेली, म्हणून तिला नदीचं भय नव्हतं. आणि भय नव्हतं तरी नदीचा डब्बा मात्र तिच्याच वाट्याला आला.

त्याचं असं झालं. वर धरण होतं. खाली बेलघाटाला मासे धरणाऱ्या ढिवरांची वस्ती. दिवाळीनंतर नदी आटली की तिथल्या वाळूत टरबुजांच्या, डांगरांच्या वाड्या लागायच्या. वाळूत कंबरभर नाल्या खणायच्या, त्यात शेणखत भरायचं, वेलांना कावडीनं पाणी पाजायचं, आणि वैशाखात बैलगाड्या भरून माल कामठीच्या बाजाराला न्यायचा. पण वीजघराला पाणी हवं झालं की धरणाचे दरवाजे ऐन उन्हाळ्यातही उघडत, आणि कोरड्या वाळूवर पाणी चालून येई. एका वर्षी असंच झालं. वाळूतलं एक रांगतं मूल वेळेवर उचलून धरलं म्हणून वाचलं. तेव्हा कुठे धरणावरच्या साहेबांनी वायरलेसचे डब्बे दिले. एक धरणाच्या चौकीदाराजवळ, गिरिधरजवळ. एक बेलघाटाला, जयवंताच्या झोपडीत. पण मध्ये टेकडी आडवी. धरणाचा शब्द टेकडी ओलांडत नव्हता. म्हणून तिसरा डब्बा सोनखेडीला, सगळ्यात उंचावर ज्यांचं घर त्या चंपतरावांच्या ओसरीत, खुंटीला टांगला गेला. गिरिधर जे बोलेल ते या घरानं ऐकायचं आणि खाली बेलघाटाला सांगायचं.

पगार काही नव्हता. डब्ब्यात घालायचे सेल बेलघाटच्या वाडीवाल्यांनी आणून द्यायचे, आणि हंगामात मधल्या घराला माल पोचवायचा, असं ठरलं होतं.

"आपण बसायचं कान लावून, अन् टरबुजं विकायची त्यायनं," चंपतराव म्हणायचे. "आपली एक मुळी तरी हाय का त्या वाळूत?"

सुभद्रा त्यांची बायको.  डब्बा चालू करायचं काम तिच्याकडेच होतं. सकाळी सडा, तुळशीला पाणी, मग डब्ब्याचं बटण. बारीक लाल दिवा लागायचा आणि आतून वाळू चाळल्यासारखा आवाज यायचा. दिवसभर तो तसाच खरखरत राहायचा आणि ती गहू पाखडत, शेण थापत, एक कान तिकडे ठेवून असायची.

चैत्र लागला तशी जयवंता सेल घेऊन आली. उन्हात नदीकाठानं चालत आलेली, पायांना वाळू चिकटलेली, डोक्यावर टोपली. ओसरीच्या पायरीवरच बसली. वर ये म्हटलं तरी ती वर येत नसे, आणि सुभद्राही दुसऱ्यांदा म्हणत नसे.

"हे सेल घ्या बाई. निळ्या कागदाचे हायेत. सावनेरच्या दुकानदारानं सांगतलं, हे लय दिवस चालते."

चंपतरावांनी टोपलीत हात घालून एक टरबूज वाजवून पाहिलं. "हे कच्चं हाय वं जयवंता. चांगला माल कामठीले, अन् आमच्याकडे हे काय पोरायनं खेळाले?"

जयवंता हसली. "पहिला तोडा हाय पाटील. पुढच्या खेपेले पायजा. वेल आता कुठं धरून राहिला."

"आमी तुमचं पाणी राखून राहिलो अन् तुमी आमाले कच्चं चारून राहिले."

 जयवंतानं पदरानं मानेचा घाम पुसला, दिलेलं पाणी ओंजळीनं प्याली आणि उठली. जाताना सुभद्राला हळूच म्हणाली, "तुमी हायेत म्हणून झोप लागते बाई."

सुभद्राचं एक व्रत होतं. तिला वाचता येत नव्हतं. देवळात पोथी सांगणारे बुवा वारले, त्यांच्यामागे गावात पोथी सांगायला कोणी उरलं नाही, तेव्हापासून घरातला रेडिओ हीच तिची पोथी झाली. सकाळचं भजन ऐकल्याशिवाय तोंडात पाण्याचा थेंब घ्यायचा नाही आणि भजन चालू असताना जागेवरून उठायचं नाही, असं तिनं देवापुढे म्हटलं होतं. ताप असताना तिनं ते पाळलं. सासू आजारी होती तेव्हाही पाळलं. गावातल्या बायका तिच्याकडे जरा निराळ्या नजरेनं पाहायच्या, आणि ते तिला मनातून आवडायचं.

रामनवमी जवळ आली आणि रेडिओ बसला. आवाज आधी घोगरा झाला, मग विहिरीतून आल्यासारखा, मग गेलाच. गावातल्या दुकानात सेल नव्हते. बाजाराला अजून दिवस होते. गव्हाच्या राशीपुढे रेडिओच्या सेलांसाठी सावनेरला कोण जाईल? त्या दिवशी सुभद्रा संध्याकाळपर्यंत तशीच राहिली. तोंड कोरडं, जीभ टाळूला चिकटलेली, आणि डोक्यावरून गव्हाच्या पेंढ्या वाहत होती. खळ्यावर तिच्या डोळ्यापुढे अंधारी आली.

चंपतराव चिडले. "मरशील एखाद्या दिवशी. त्या डब्ब्यातले घे ना काढून. सारखेच सेल हायेत."

"ते नदीचे हायेत."

"मंग काय झालं? आठवडाभरानं बाजार हाय. तवरक रेडिओचे जुने घाल त्यात. दिवा लागला का झालं. आजवर या उन्हाळ्यात एकदा तरी बोलला का गिरिधर कामाचं? 'सोनखेडी, कसं हाय, जेवले का,' याच्याबिगर काय बोलते तो?"

सुभद्रानं दुसऱ्या दिवशी सकाळी सेल बदलले. स्वतःच्या हातानं. निळे रेडिओत गेले, लाल कागदाचे जुने डब्ब्यात आले. बटण दाबलं तर दिवा लागला. खरखर जरा बारीक वाटली, पण होती. तिनं डब्ब्याला हात लावून कपाळाला लावला. देवाच्याच कामाला तर घेतले, असं मनाशी म्हणाली. त्या दिवशी भजन स्वच्छ ऐकू आलं.

पाणी सोडलं तो दिवस सोमवार होता. चंपतराव पहाटेच वावरात गेले होते. सुभद्रा आंघोळ करून, ओल्या केसांना गाठ मारून रेडिओपुढे बसली. भजन नुकतं सुरू झालं होतं. तिनं डोळे मिटले.

मध्येच डब्ब्यातून काहीतरी आलं. आत एखादी माशी अडकावी तसं. "सो... डी... सोन..."

तिनं डोळे उघडले. लाल दिवा अगदी मंद होता. गिरिधर रोज सकाळी उगाच बोलतो. जेवले का विचारत असेल. भजन संपलं की बघू. तिनं डोळे पुन्हा मिटले. माशी पुन्हा भुणभुणली. "...डी... पा..." सुभद्रानं हात लांब केला आणि रेडिओचा आवाज थोडा वाढवला.

भजन संपलं तेव्हा डब्बा गप्प होता. तिनं तो खुंटीवरून काढला, बटण दाबलं, म्हणाली, "गिरिधरभाऊ, सोनखेडी बोलून राहिली. सांगा." बटण सोडलं. कान लावला. आतून, फार लांबून, माणूस ओरडत असावा तसं आलं, "...सोडलं गा... कवाचं... बेलघाटाले सांगा..."

तिनं पुन्हा बटण दाबलं. "बेलघाट. जयवंता. पाणी सोडलं वं. पाणी." बोलता बोलता दिवा विझला. डब्बा हातात दगडासारखा झाला. तिनं तो हलवला, थोपटला, तोंडाजवळ नेऊन पुन्हा ओरडली. मग खाली टाकून अनवाणीच धावत सुटली.

टेकडीचा उतार, मग कापलेल्या गव्हाचं रान. धसकटं तळव्यात घुसत होती. बाभळीच्या काटेरी कुपाट्यात अडकून तिचं लुगडं फाटलं, ते तिनं ओढून घेतलं आणि तशीच पळाली. ऊन चढलं होतं. पोटात काही नव्हतं, पाणीसुद्धा नव्हतं, छातीत भाता चालावा तसा श्वास वाजत होता. अर्ध्या वाटेवर, पळसाच्या झाडाशी, ती एकदम उभी राहिली.

सेल रेडिओत होते. चांगले, निळे सेल तिथेच रेडिओत होते. काढून घातले असते तर आवाज एका क्षणात बेलघाटाला पोचला असता.

तिनं मागे टेकडीकडे पाहिलं, पुढे नदीकडे पाहिलं. परत जावं तर चढ. ती पुढेच पळाली.

बेलघाट दिसला तेव्हा वाळू दिसत नव्हती. पाणी फार खोल नव्हतं, घोट्यापेक्षा वर, कुठे गुडघाभर. मातकट, फेसाळ, शांतपणे चालत होतं. त्यावर टरबुजं तरंगत होती. हिरवी, गोल, एकामागे एक कामठीकडे निघाली होती. माणसं पाण्यात धावत होती, दोन हातात येतील तेवढी पकडून काठावर फेकत होती आणि फेकलेली फुटत होती. नाल्या खचून आत बसल्या होत्या. जयवंताचा नवरा केशव तुटलेला वेल हाताला गुंडाळत ओढत होता. वेलाच्या टोकाला काही नव्हतं, तरी ओढत होता.

सुभद्रा पाण्यात उतरली. तीही टरबुजं धरू लागली. तळव्यांच्या जखमांना वाळू झोंबत होती. तिच्या कडेला कोणीतरी म्हणालं, "पाटलीणबाई आल्या पाह्य. धावत आल्या."

जयवंता कमरेपर्यंत भिजून आली. तिनं सुभद्राचे पाय पाहिले. रक्त पाण्यात पुसट होऊन जात होतं.

"बाई, तुमी पळत आल्या? एवढ्या उन्हात?"

"डब्बा," सुभद्रा म्हणाली. 

"डब्बा बंद पडला असन," जयवंताच मागे वळून सगळ्यांना म्हणाली. "बंद पडला म्हणून बिचारी पायानं आली. एवढं कोण करते वं? आपल्या घरचं कोणी केलं असतं का?"

त्यांनी तिला काठावर नेलं. जांभळीच्या सावलीत गोणपाट टाकून बसवलं. एका म्हाताऱ्या बाईनं, तुळसाबाईनं, तिचे पाय मांडीवर घेऊन धसकटाचे तुकडे काढले. ज्यांचं सगळं वाहून गेलं त्या बायका तिला वारा घालत होत्या. एकीनं फुटलेल्या टरबुजाची फोड पुढे केली. "खा बाई, तोंड सुकून गेलं." सुभद्राला आठवलं की आज भजन झालंय, म्हणजे खायला हरकत नाही. तिनं फोड हातात घेतली आणि एक घास चावला. फोड गोड होती. पुरती पिकलेली. उरलेली तिनं गोणपाटावर ठेवून दिली.

दुपारी धरणावरची जीप आली. बेलघाटाचा डब्बा का बोलला नाही ते पाहायला ओमप्रकाश मेकॅनिक आला होता. खाकी पँट, खिशात पेचकस. त्यानं जयवंताच्या झोपडीतला डब्बा पाहिला, तो चालू होता. मग म्हणाला, "खराबी बीचवाल्यात आहे. चला सोनखेडीले." पाण्यानं झोपडीची एक बाजू खचली होती, तरी जयवंता जीपमध्ये बसली. सुभद्राला पाय टेकवत नव्हता म्हणून तिलाही बसवलं.

वाटभर सुभद्रानं देवाचं नाव घेतलं. पण ती काय मागत होती ते तिचं तिला माहीत होतं. चंपतराव घरी आले असोत. त्यांनी डब्बा पडलेला पाहिला असो. त्यांना सुचलं असो, त्यांनी सेल बदलून ठेवले असोत. आयुष्यभर ती देवाजवळ जे बोलली त्यात असं मागणं कधी नव्हतं. जीप चढाला लागली तशी तिनं नाम घेणंच थांबवलं. लाज वाटली. शेजारी जयवंता बसली होती, ओल्या लुगड्यात, मांडीवर हात ठेवून, तिच्या हाताला मातीचा आणि तुटलेल्या वेलाचा वास होता.

चंपतराव घरी आले होते. ओसरीत उभे होते. डब्बा टाकला तिथेच पडला होता. त्यांच्या तोंडावरून सुभद्राला कळलं की त्यांनी काही केलेलं नाही.

ओमप्रकाशनं मागचं झाकण पेचकसानं काढलं. लाल कागदाचे सेल ओसरीवर एकेक करून टाकले. एकाच्या बुडाशी पांढरं आलं होतं, चिकट पाणी गळत होतं.

"हे काय सेल आहेत? हे मेलेले आहेत साफ. ऐकायले दिवा लागून जाईल, पर बटण दाबून बोलले तं खतम." त्यानं जयवंताकडे पाहिलं. "सेल तुमीच देता ना? सस्ते पुराने सेल आणून देता, मंग रडता आमच्यापुढे. साहेबाले काय सांगू मी?"

जयवंता वाकली. तिनं एक सेल उचलला. त्याच्याकडे पाहिलं, बोटानं लाल कागद पुसला. मग तिची नजर वर गेली. कोनाड्यात रेडिओ होता. रेडिओवर सुभद्रानं घातलेलं फूल होतं.

 चंपतरावांनी खाकरून घशातला कफ अंगणात थुंकला आणि तिकडेच तोंड करून उभे राहिले. सुभद्रा खांबाला धरून होती. तिला वाटलं आता बोलावं. शब्द दाताशी आले होते. तोंड उघडलं असतं तरी पुरलं असतं.

"हो साहेब," जयवंता म्हणाली. "आमचंच चुकलं असन. दुकानदारानं फसवलं."

"पुढच्या वेळी पाहून घेत जा."

"हो."

ओमप्रकाशनं जीपमधून स्वतःजवळचे सेल आणून घातले, गिरिधरशी बोलून पाहिलं आणि निघाला. जयवंता त्याच्याबरोबर गेली नाही. चालतच गेली. जाताना ती सुभद्राकडे पाहून, रोजच्यासारखं म्हणाली, "पायाले हळद लावा बाई."

 पुढचे कित्येक दिवस सुभद्रा रेडिओपुढे बसली, पण कळ फिरवली नाही. नुसतीच बसायची. व्रत मोडलं असं तिला वाटत नव्हतं. मोडायला तरी व्रत उरायला हवं होतं. बाजाराच्या दिवशी चंपतरावांनी नवे सेल आणले, न बोलता रेडिओजवळ ठेवले. तिनं त्यांना हात लावला नाही.

पायाच्या जखमा भरल्या तशी ती बेलघाटाला गेली. वाळू पुन्हा उघडी झाली होती, पण नाल्या बुजल्या होत्या आणि वेल वाळून काड्या झाले होते. जयवंता झोपडीचे बांबू उपटत होती. हंगाम संपायच्या आधीच हंगाम संपला होता. केशव कामठीला मजुरीला गेला होता.

"जयवंता," सुभद्रा उन्हातच उभी राहून म्हणाली, "ते सेल म्या काढले."

जयवंतानं बांबू खाली ठेवला. "मले मालूम हाय. म्या निळे देल्ले होते."

"मंग साहेबापुढं काहून नाई बोलली?"

"बोलली असती तं काय झालं असतं? पाटील म्हणाले असते, घेऊन जा तुमचा डब्बा. साहेबानं नेला असता. मंग टेकडी कोठून आणू मी बाई? टेकडी तं तुमच्याचजवळ हाय." ती हे रागानं बोलली नाही. तांदूळ निवडावेत तशी बोलली. "तुमच्यासंगं भांडाले आमाले परवडत नाई."

सुभद्राला वाटलं होतं, ती शिव्या देईल. तशी तयारी करून ती आली होती. तिनं खाली मान घातली. "मले काय करायचं ते सांग. मी करीन."

जयवंतानं डोळ्यावर हात धरून वाळूकडे पाहिलं.  "आमी सगळ्यायनं बोलून पायलं. कच्चं टरबूज देऊन, सेल देऊन कोणाचा कान राहात नाई. दिवाळीनंतर नाल्या खणू तवा एक नाली तुमची. बी आमी देऊ. माल निंघन तो तुमचा."

"मले नको माल."

"तुमाले नको असन. आमाले पायजे, का तुमची नाली असावी." मग थोडं थांबून म्हणाली, "आपलं काही बुडणार नसलं ना बाई, का माणसाले ऐकू येऊनबी ऐकू येत नाई. तुमचंच नाई. आमीबी तशेच असतो टेकडीवर तं."

घरी सांगितलं तेव्हा चंपतराव हसले. म्हणाले, "आता पाटलाची बायको ढिवरायसंगं वाळू खणन काय?" सुभद्रानं त्यांच्याकडे पाहिलं आणि भाकरी थापत राहिली. त्यांनी तो विषय पुन्हा काढला नाही.

दिवाळी झाली, नदी आटली, वाळू पांढरी पडली. सुभद्रा फावडं खांद्यावर टाकून खाली उतरली. डब्ब्यापाशी त्या दिवसापुरते चंपतराव बसले होते. तिनं सांगितलं होतं म्हणून बसले होते, आणि का सांगितलं ते त्यांनी विचारलं नव्हतं. बेलघाटाच्या बायका आधीच खणत होत्या.  तिला पाहून तुळसाबाईनं पदर डोक्यावरून घट्ट केला.

जयवंता तिला वाड्यांमधून घेऊन चालली. काठाजवळच्या, वरच्या जागा सोडल्या. मधल्या सोडल्या. केशवची नाली सोडली. पार धारेपर्यंत गेली, जिथे वाळू ओली होती आणि पायाखाली खचत होती, जिथे पाणी आलं तर सगळ्यात आधी येईल. तिथे टाचेनं एक रेघ ओढली.

"ही तुमची."

सुभद्रानं रेघेकडे पाहिलं. मग जयवंताकडे. जयवंतानं नजर वळवली नाही.

सुभद्रानं लुगडं खोचलं आणि पहिलं फावडं मारलं. वाळू सैल होती, खणली तेवढी परत कोसळत होती. हातभर खोलीवर पाणी लागलं. गार पाणी, तिच्या घोट्यांभोवती हळूहळू वर येत राहिलं, आणि ती खणत राहिली.